विडीला हात न लावलेल्या आईला सीओपीडी – चूल, पंप आणि पुण्याच्या एका डॉक्टरचं संशोधन

वाळपईकर | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो. आज लिहितोय, कारण घरात वाद पेटलाय आणि तिऱ्हाइतांचं मत हवंय.

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरंच आत. आई ६८ वर्षांची. गेली सात-आठ वर्षं पाऊस लागला की तिचा खोकला सुरू होतो, तो चवथ (गणपती) उलटेपर्यंत. पावसात आमच्याकडे भिंतींना बुरशी, कपड्यांना कुबट वास, त्यामुळे "दमटपणाचा खोकला" म्हणून आम्हीच सोडून दिलं. जवळच्या डॉक्टरांकडून (नाव नको) दर खेपेला तेच खोकल्याचं औषध आणि पाच दिवसांच्या गोळ्या. यंदा विहिरीवरून कळशी आणताना ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा कळशी खाली ठेवून पायरीवरच बसली. तेव्हा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं.

तिथे फुंकायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि तपासणारी मुलगी ओरडतेय, "जोरात! सोडा सोडा सोडा सोडा!" आईला आधी हसू आलं. मग दोन वेळा ओठांच्या कडेने हवा निसटली. मुलगी वैतागली नाही, पण घड्याळाकडे बघायला लागली. शेवटी मी म्हटलं, "आई, चूल विझत आलीय, लाकूड ओलं आहे, फुंकणी घे." तिने पदर खोचला आणि असं फुंकलं की मुलगी म्हणाली, "वा आजी!"

पडद्यावरची रेघ मात्र वा म्हणण्यासारखी नव्हती. वर गेली आणि लगेच आत खचली, दोन खांबांत सैल बांधलेल्या दोरीसारखी. सांगितलं ते असं की छातीतून जेवढी हवा निघते, तिच्यातली ढोबळमानाने ७० टक्के तरी पहिल्याच सेकंदात बाहेर यायला हवी. आईची त्याच्या बरीच खाली. मग पंपाचे (श्वासातून औषध ओढायच्या इनहेलरचे) चार फवारे देऊन वीस मिनिटं बाकड्यावर बसवलं आणि परत फुंकायला लावलं. आकडा फारसा हलला नाही. दमा असता तर बहुतेक उसळला असता म्हणे. निदान: सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसाचा रोग.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "चुकीचं निदान. तो विडीवाल्यांचा रोग." शेजारच्या काकी म्हणाल्या, "पंप एकदा लागला की सुटत नाही, काळीज कमजोर जाता." आई म्हणाली, "मला काही झालेलं नाही." म्हणजे तिघांची तीन टोकं, आणि पंप कपाटात.

मग मी वाचायला बसलो आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी या नावापाशी पोचलो. २००९ साली त्यांनी आणि लंडनचे श्वसनतज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. त्यात एक हिशोब आहे तो डोक्यातून जात नाही. जगात तंबाखू ओढणारे साधारण १०० कोटी. लाकूड, शेणी, पालापाचोळा यांचा धूर घरात घेणारे सुमारे ३०० कोटी. सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं.

आई लग्न होऊन आली तेव्हा १९ वर्षांची होती. गॅस आला तो स्वयंपाकघरात. न्हाणीतलं भाण (आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) आजही लाकडावरच तापतं.

दादाला आणि काकींना काय सांगू? कोणाच्या घरी असं आहे का?

---

केळबाय | रात्री १०:४०

वाचताना अंगावर काटा आला. आमची आजी अशीच गेली, आणि शेवटपर्यंत "वयाचा दम" म्हणत होतो आम्ही. तिच्या खोलीचं दार न्हाणीकडे उघडायचं. पावसात ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळत, घरभर धूर, आणि आम्हा पोरांना त्या धुराच्या वासाचे कपडे आवडायचे!

आईंना पंप घ्यायला लावाच. काकींचं ऐकू नका.

---

रोखठोक | रात्री ११:०५

एक शंका. गॅस येऊन किती वर्षं झाली? वीस? मग चुलीचा दोष आत्ता कसा निघाला? आणि आमच्या आज्यापणज्या जन्मभर चुलीपाशी बसून नव्वदीपर्यंत टुणटुणीत होत्या. हल्ली प्रत्येकाला पंप देतात. कंपन्यांना माल खपवायचाय, बाकी काही नाही.

---

केळबाय | रात्री ११:११

@रोखठोक, नव्वदीपर्यंत जगलेल्या आज्या तुम्हाला आठवतात, कारण त्या तुम्हाला भेटल्या. साठीत गेलेल्या तुमच्या जन्माआधीच गेल्या.

---

पेठेतला | रविवार, सकाळी ७:३०

पुण्यातून लिहितोय, गोव्याशी संबंध सासुरवाडीपुरता. साळवींबद्दल थोडी भर.

या माणसाची सुरुवात चुलीपासून नाही, डिझेलपासून आहे. पीएचडीसाठी ते इंग्लंडला साउदॅम्प्टनला होते. त्या काळातला त्यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार आवडतो. १५ धडधाकट माणसं घेतली. एका बंद खोलीत त्यांना एक तास पातळ केलेला डिझेलचा धूर दिला, घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम कण. दुसऱ्या खेपेला त्याच माणसांना स्वच्छ हवा. सहा तासांनी दुर्बीण घालून श्वासनलिका तपासल्या. धुरानंतर आत सूज आणणाऱ्या पेशींची गर्दी झालेली, रक्तातही फरक. आणि फुंकायच्या तपासणीत? काही नाही. आकडे जसेच्या तसे.

म्हणजे बाहेरून माणूस ठणठणीत आणि आत आग लागलेली. @रोखठोक यांच्या "आत्ता कसा निघाला" याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं की तिशीनंतर फुफ्फुसाची ताकद सगळ्यांचीच हळूहळू उतरते. धुरामुळे ज्यांचा उतार जास्त तीव्र झाला त्यांना साठीत पायऱ्या जड जातात. चूल बंद केली तर पुढचं नुकसान कमी होईल, पण गेलेलं भांडवल परत येत नाही.

पुण्यात २००२ साली चेस्ट रिसर्च फाउंडेशन सुरू झालं, तिथे ते बरीच वर्षं संचालक होते. त्यांचा दुसरा उद्योग तर अगदीच देशी. १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशभरच्या ८८० गावाशहरांतल्या ७,४०० डॉक्टरांकडून त्यांच्याकडे आलेल्या रुग्णांच्या तक्रारी लिहून घेतल्या. एका दिवसात दोन लाखांवर रुग्ण. निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार श्वसनाची! आपण मधुमेह आणि रक्तदाबावर व्याख्यानं देत बसतो, आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेला निम्मा देश खोकतोय.

(सासुरवाडीला माझ्या नावाने कळवू नये, पण तिथे पदेराचे (पाववाल्याचे) पाव सोडून काहीही बिनधुराचं नसतं, आणि पावाची भट्टीसुद्धा लाकडाचीच.)

---

नरकासुर_समिती | सकाळी ८:०२

यात नागगोळीचं संशोधन विसरलात! फटाक्यांच्या धुराची मोजणी याच लोकांनी पुण्यात केली होती. आम्ही समजत होतो हजाराची लड पहिली येईल. पहिली आली ती नागगोळी. आवाज नाही, धमाका नाही, बिचारी काळा साप काढते आणि पोरं तिच्यावर वाकून बघतात. लड दुसरी.

आमच्या वाड्यावर दिवाळीला नरकासुराचा पुतळा पहाटे जाळतात. गवत, गोणपाट, कागद, रंग, पोटात फटाके. बंद करा म्हणणार नाही, समितीतच आहे मी. पण गेल्या वर्षीपासून दम्याची पोरं वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करतो. एवढं केलं तरी आयांचे फोन कमी झाले.

---

म्हापशाची_मीरा | सकाळी ९:१५

माझं औषधांचं दुकान आहे. काकींच्या वाक्यावर लिहिते, कारण ते मी दिवसातून चारदा ऐकते.

"पंपाची सवय लागते" ही भीती हवेतून आलेली नाही. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली फेनोटेरॉल नावाचा झटकन आराम देणारा पंप आला आणि त्याच सुमारास दम्याने मरणारी तरुण माणसं एकाएकी वाढली. तिथल्या जूलियन क्रेन, नील पिअर्स, रिचर्ड बीझली या संशोधकांनी १९८९ साली बोट ठेवलं की या पंपाचा संबंध आहे. खूप गहजब झाला, त्यांच्यावर टीकाही झाली. पण औषधाचा वापर आवळला आणि मृत्यू खाली आले.

आता मजा बघा. तोच बीझली तीस वर्षांनी, २०१९ साली, पंपाच्याच बाजूने अभ्यास घेऊन आला. फरक पंप कुठला याचा. नुसता नळी मोकळी करणारा पंप पुन्हा पुन्हा मारत राहिलात तर वरवर आराम पडतो आणि आतली सूज तशीच राहते. त्याच्या जोडीला सूज उतरवणारं स्टेरॉइड त्याच पंपात असेल तर झटके कमी येतात. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही नुसत्या सालब्यूटामॉलवर (नळी मोकळी करणाऱ्या औषधावर) रुग्ण ठेवू नका असंच म्हटलंय.

माझ्या काउंटरवर काय दिसतं? निळा (सालब्यूटामॉलचा) पंप महिन्याला दोन नेणारे, आणि डॉक्टरांनी रोजचा म्हणून दिलेला दुसरा पंप "तो स्टेरॉइडवाला नको". म्हणजे जो ओढायचा तो कपाटात आणि जो अडीअडचणीचा तो खिशात. उलटं चाललंय सगळं.

@वाळपईकर, हे सगळं दम्याचं आहे बरं का. सीओपीडीत औषधांची मांडणी वेगळी असते, ती डॉक्टर ठरवतील. पण "लागला की सुटत नाही" याला माझं ठरलेलं उत्तर: चष्माही सुटत नाही, त्याला कोणी सवय म्हणत नाही.

---

रोखठोक | सकाळी ९:४०

चष्म्याचं पटलं. कंपन्यांचं मात्र मागे घेत नाही.

---

कुडचडेचो | दुपारी १:२०

आमची गोष्ट चुलीची नाही, ट्रकची. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. तेजीच्या दिवसांत ट्रकाला ट्रक चिकटलेला असायचा, रस्त्याकडेच्या झाडांची पानं तांबडी. आई अंगणात पापड वाळत घालायची नाही, तांबडे व्हायचे. बाबा तोंडाला पंचा बांधत, संध्याकाळी पंचा पिळला की पाणी विटेच्या रंगाचं.

२०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मधे थोडं सुरू झालं, मग २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प झालं. लोक म्हणत होते, आता हवा सुधारेल, खोकला जाईल. हवा सुधारली. पानं हिरवी झाली. बाबांचा खोकला तसाच. वर पेठेतले म्हणतात ते "गेलेलं भांडवल" वाचलं आणि दहा वर्षांनी कळलं का ते.

आणि एक. ट्रक गेला, पगार गेला, तेव्हा खोकल्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. तपासणी उशिरा झाली ती त्यामुळे. धुळीचं सगळे लिहितात, हे कोणी लिहीत नाही.

---

वाळपईकर | दुपारी २:०५

@कुडचडेचो, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांच्या आईला विचार पापड कुठे वाळवायची मग." सांगा जमलं तर.

---

कुडचडेचो | दुपारी २:३०

माडीवर, जुन्या मच्छरदाणीखाली. :)

---

जीवरसायन | सायंकाळी ५:५०

धाग्यात पीटर बार्न्स यांचं नाव आलंय म्हणून राहवत नाही. एक प्रश्न कोणी विचारला नाही: दम्यात स्टेरॉइड इतकं छान चालतं, मग सीओपीडीत तेच ढिम्म का पडतं? सूज दोन्हीकडे आहेच की.

बार्न्स आणि त्यांच्या गटाने यावर उमेदीची वर्षं घातली. सोपं करून सांगतो. पेशीत जनुकांचा धागा रिळावर गुंडाळलेला असतो. सूज आणायची असेल तर तेवढा भाग उलगडला जातो. स्टेरॉइड काय करतं, तर एचडॅक-२ नावाच्या प्रथिनाला बोलावून तो धागा परत गुंडाळायला लावतं. म्हणजे स्टेरॉइड मुकादम, आणि एचडॅक-२ प्रत्यक्ष काम करणारा गडी. धुराने हा गडीच निकामी होतो. २००५ साली त्यांनी दाखवलं की सीओपीडी जितका तीव्र, तितकं फुफ्फुसातलं हे काम कमी. मुकादम कितीही ओरडला तरी गडीच नाही तर काय होणार!

मग आशेची जागा आली. प्रयोगशाळेत दिसलं की थिओफिलिन या जुन्यापुराण्या, स्वस्त गोळीचा अगदी कमी डोस या गड्याला पुन्हा उभा करतो. किती सुंदर कल्पना होती! दोन रुपयांची गोळी आणि निकामी औषध पुन्हा कामाला. ब्रिटनमध्ये दीड हजारांवर रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१८ ला निकाल आला. सीओपीडीच्या झटक्यांत काही फरक नाही.

मला हे अपयश वाटत नाही. वाईट मात्र वाटलं, खोटं कशाला बोलू.

---

पेठेतला | सायंकाळी ६:१५

+१. मुकादम-गडी फार आवडलं. उचलणार, नाव देईन.

---

केळबाय | सायंकाळी ६:३०

अवांतर: डासांच्या कॉइलबद्दल कोणी सांगेल का? आमच्याकडे संध्याकाळ झाली की कॉइलशिवाय बसवत नाही.

---

म्हापशाची_मीरा | सायंकाळी ७:०५

२००३ सालच्या एका अभ्यासात निघालं होतं की एक कॉइल जळून जे सूक्ष्म कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे. साळवी भाषणांतून "बंद खोलीत रात्रभर कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी" म्हणतात ते याच मापात बसतं. खिडक्यांना जाळी लावा, मच्छरदाणी घ्या. माझ्या दुकानात कॉइल आहेत, तरी सांगतेय.

---

गळ्यातला_स्टेथो | रात्री ९:४५

व्यवसायाने डॉक्टर, छातीचा नाही. वाचत होतो, चर्चा चांगली चाललीय म्हणून मधे बोललो नाही. आता दोनच गोष्टी. या धाग्यावरून कोणी औषध सुरू किंवा बंद करू नका, थिओफिलिन तर नाहीच, त्याचा डोस जरा चढला तर उलट्या आणि हृदयाची धडधड. आणि @वाळपईकर, आईंना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस विचारून घ्या, पावसाआधी. पंपाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते कोणीच विचारत नाही. चालणं बंद करू देऊ नका. दम लागतो म्हणून बसून राहिलं की पायातली ताकद जाते, मग आणखी लवकर दम लागतो.

भाणाचं काय ठरलं?

---

वाळपईकर | सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. भाणाचं ठरलेलं नाही. गिझर लावायचा म्हटलं तर आई म्हणते, "त्या पाण्याला वास नाही." कसला वास ते मला माहीत आहे, मलाही तोच आवडतो, तिथेच घोडं अडलंय. तूर्त गवंडी येतोय, न्हाणीचं धुराडं छपरावर चार हात उंच काढतो आणि पेटवायचं काम दादाकडे. दादा पहिल्याच सकाळी पाच मिनिटांत खोकत बाहेर आला. निदान चुकीचं म्हणणं त्यानंतर ऐकलेलं नाही.

पंप सुरू झालाय. स्पेसर नावाचा प्लॅस्टिकचा फुगीर डबा लावून घ्यायचा. पहिले दोन दिवस आई त्यातही फुंकत होती! चाळीस वर्षांची सवय. औषध सगळं उलट बाहेर. म्हटलं, आई, हे उलटं आहे, आत ओढायचं, सावकाश, मग दहा आकडे दम धरायचा. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं.

आज संध्याकाळी काकी आल्या होत्या. त्यांच्या लेकाकडे मुंबईला त्यांनाही हाच पंप दिलाय, महिनाभर पिशवीत पडून होता, आजवर बोलल्या नव्हत्या. मी आत कांदा चिरत होतो. ओसरीवरून आईचा आवाज: "अगो, फुंकू नको. फुंकणी नव्हे ती. ओढ. हळू ओढ."

---

केळबाय | रात्री ९:२६

काकी!!

---

रोखठोक | रात्री ९:५८

धुराड्याला वरून टोपी बसवा, नाहीतर पावसात पाणी थेट भाणात. आमच्याकडे झालंय.